विषारी पाण्याचा धनी कोण?

वाचकहो, पाण्याचा हक्क म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तेव्हा 'पाणी कोणाचे?' हा एकच प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला. प्रतिपक्षाने अनादि वहिवाटीची ढाल पुढे केली. दावा दहा वर्षे चालला. आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने ती वहिवाट सिद्ध झाली नसल्याचा निर्णय दिला. सार्वजनिक पाण्याला कोणी कुंपण घालू शकत नाही, हे तत्त्व अशा रीतीने कायद्याच्या कसोटीवर उतरले.

त्या गोष्टीला आता शंभर वर्षे होत आली. या अवधीत विहिरी खुल्या झाल्या, वस्तीत हातपंप आले, नळ आले. पण विहीर खुली आहे, तिच्यावर पहारा नाही, आणि तरीही तिचे पाणी पिण्याजोगे उरलेले नाही, अशी अवस्था असेल तर त्या हक्काचा अर्थ काय राहिला? पूर्वी पाणी शुद्ध होते आणि माणसाला अपवित्र ठरवून दूर ठेवले जात होते. आज माणूस पाण्यापर्यंत पोचला आहे आणि पाण्यातच विष कालवले गेले आहे. हे विष जातीच्या नावाने कालवलेले नाही हे खरे; परंतु ते ज्यांच्या घशाखाली उतरते ते लोक पाहिले म्हणजे दोन्ही अन्यायांची पायवाट एकाच वस्तीकडे जाते असे दिसून येईल. कारखान्याच्या भिंतीला लागून जी जमीन स्वस्त असते तेथेच गरीब माणूस झोपडी उभारतो, आणि टँकर विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे जमिनीखालचे पाणी तोच पितो.

भोपाळची दुसरी दुर्घटना

भोपाळचे नाव काढताच 2 व 3 डिसेंबर 1984 मधली ती काळरात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि झोपेतल्या वस्त्यांवर मृत्यू पसरला. ती हकीकत सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच कारखान्याची दुसरी हकीकत त्या रात्रीच्या आधीपासून चालू होती आणि आजही संपलेली नाही. ती हकीकत पाण्याची आहे.

कारखाना 1969 मध्ये सुरू झाला. कीटकनाशके तयार करताना उरणारी रसायने, गाळ आणि निकामी माल कारखान्याच्याच आवारात खड्डे करून टाकला जात असे. 1977 मध्ये उत्तरेच्या बाजूस मोठे बाष्पीभवन तलाव बांधण्यात आले. विषारी सांडपाणी त्यांत सोडावे, उन्हाने पाणी उडून जावे आणि गाळ तळाशी राहावा, अशी योजना होती. तलावाच्या तळाला प्लास्टिकचे अस्तर होते. हे अस्तर फाटून तलाव गळत असल्याची तक्रार 1982 मध्ये भोपाळहून अमेरिकेतील मुख्य कंपनीला तारेने कळविण्यात आली होती. म्हणजे गळती अज्ञात नव्हती. वायू सुटण्याच्या दोन वर्षे आधीच ती कागदावर आली होती.

पुढे कारखाना बंद पडला. यंत्रे गंजली, पिंपे फुटली, आणि दर पावसाळ्यात पाणी त्या मातीतून झिरपत खाली जात राहिले. 1999 मध्ये ग्रीनपीस या संघटनेने तेथील माती व पाणी तपासून पारा आणि क्लोरीनयुक्त रसायने आढळल्याचे प्रसिद्ध केले. 2009 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेला कारखान्यापासून 3 किलोमीटरवरील भूजलातही कीटकनाशकांचे अंश सापडले. सरकारी संस्थांचे म्हणणे निराळे पडले. नागपूरची नीरी आणि हैदराबादची एनजीआरआय यांनी 2010 च्या अहवालात भूजलाचे प्रदूषण मर्यादित आहे असा निष्कर्ष काढला. परंतु आवारातील सुमारे 11 लाख टन माती दूषित आहे हे त्यांनाही मान्य करावे लागले. दूषित पाण्याच्या वस्त्यांची यादी मात्र वर्षागणिक लांबत 42 वर गेली.

येथे भूजलाचा स्वभाव समजून घेणे अवश्य आहे. नदी दूषित झाली तर डोळ्यांना दिसते, आणि वरून येणारा दूषित प्रवाह थांबविला की कालांतराने ती सुधारू लागते. भूजलाचे तसे नाही. ते मातीच्या कणांतून आणि खडकांच्या भेगांतून हळूहळू सरकते. कार्बन टेट्राक्लोराइडसारखी द्रवरूप रसायने पाण्याहून जड असल्यामुळे तळाशी उतरतात, भेगांत आणि चिकणमातीत दडून बसतात आणि तेथून थोडी थोडी पाण्यात विरघळत राहतात. त्यांना रंग नसतो. पुष्कळदा वासावरूनही कळत नाही. पाणी उकळले तरी त्यातील पारा किंवा इतर धातू नाहीसे होत नाहीत. अशा पाण्याची सफाई करावयाची तर प्रथम विषाचा साठा खणून काढावा लागतो, मग वर्षानुवर्षे पाणी उपसून ते गाळावे लागते आणि आजूबाजूच्या विहिरींची पुन्हा पुन्हा तपासणी करावी लागते. हे काम एका सरकारच्या कारकिर्दीत संपणारे नाही. म्हणूनच ते कोणाच्या मर्जीवर सोडता येत नाही. त्याला कायद्याचे बंधन हवे.

जबाबदारी पळते कशी?

आता प्रश्न असा की, हा खर्च कोणी करावा? सामान्य माणसाचे उत्तर सरळ आहे: ज्याने घाण केली त्याने ती काढावी. पण भोपाळची जबाबदारी हातोहात कशी निसटत गेली ते पाहा.

1989 मध्ये युनियन कार्बाइडने भारत सरकारशी 47 कोटी डॉलरची तडजोड केली. 1994 मध्ये तिने आपल्या भारतीय कंपनीतील भाग विकून टाकले आणि त्या कंपनीचे नावच बदलले. 1998 मध्ये कारखान्याची जमीन भाडेपट्टा सोडून मध्य प्रदेश सरकारच्या हवाली करण्यात आली. 2001 मध्ये अमेरिकेची डाऊ केमिकल ही कंपनी युनियन कार्बाइडची मालक झाली. पण तिचे म्हणणे असे की भोपाळचा कारखाना आपण कधी चालविला नाही, सबब आपणांवर जबाबदारी नाही. 2005 मध्ये केंद्र सरकारच्या रसायन खात्याने सफाईच्या खर्चापोटी डाऊने 100 कोटी रुपये आगाऊ भरावेत असा अर्ज जबलपूरच्या हायकोर्टात केला. त्या मागणीतून आजवर एक विहीरही स्वच्छ झालेली नाही. दूषित पाणी पिणाऱ्या रहिवाशांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाद मागितली, तीही 2016 मध्ये अपिलात फेटाळली गेली. कारखाना भारतीय कंपनीचा होता, अमेरिकेतील मूळ कंपनी त्यास उत्तरदायी ठरत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

तेव्हा ज्याने विष टाकले त्याने कारखाना विकला, ज्याने घेतला त्याने नाव बदलले, ज्याच्याकडे जमीन आली ते सरकार म्हणते की विष आमचे नव्हे. नफ्याचा वारसा सांगावयास सर्व पुढे येतात. घाणीचा वारस मात्र कोणीच नाही. अशा निर्वारस घाणीला अखेर एकच वारस मिळतो, आणि तो म्हणजे शेजारच्या हातपंपावर हंडा घेऊन उभी असलेली बाई.

या बायाबापड्यांनीच पुढचा लढा दिला आहे. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश सरकारला त्या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरविण्याचा आदेश दिला. आदेश झाला तरी पाणी आले नाही. म्हणून 2006 मध्ये भोपाळचे पीडित लोक पायी दिल्लीला गेले. शेकडो किलोमीटरची ती वाट रोगजर्जर माणसांनी चालून काढली, तेव्हा कोठे नळाच्या पाण्याचे आश्वासन पदरात पडले. सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम हाती असताना एक घोट पाण्यासाठी दिल्लीपर्यंत चालावे लागते, यावरून हक्क आणि हक्काची अंमलबजावणी यांत किती अंतर असते ते ध्यानात घ्यावे.

एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात

डिसेंबर 2024 मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टाने सरकारला खडसावले आणि चार आठवड्यांत कचरा हलविण्याचा हुकूम दिला. जानेवारी 2025 च्या आरंभी 337 टन विषारी कचरा 12 बंदिस्त वाहनांतून सुमारे 250 किलोमीटर दूर पीथमपूरला नेण्यात आला आणि जून 2025 अखेर तो तेथील भट्टीत जाळून झाला. वृत्तपत्रांनी लिहिले की भोपाळचे विष संपले.

खरोखर संपले काय? हिशेब करून पाहा. दूषित माती 11 लाख टन. हलविलेला कचरा 337 टन. म्हणजे तीन हजारांत एक भागही नाही. जो कचरा कोठारात बंद होता तो गेला. जो मातीत मुरला आहे, जो पाण्यात उतरतो आहे, तो तेथेच आहे. शिवाय जाळण्यासाठी चुना इत्यादी द्रव्ये मिसळावी लागत असल्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक वजनाची भरली. ती आता पीथमपूरच्या लोकांच्या उशाशी आली. त्यांनी या गोष्टीस कडाडून विरोध केला आणि जानेवारी 2025 मध्ये दोघांनी अंगावर पेटते द्रव्य ओतून घेण्यापर्यंत मजल गेली. आपण त्या लोकांना भोपाळच्या लोकांचे शत्रू समजता कामा नये. एका गरिबाच्या दारातील विष दुसऱ्या गरिबाच्या दारात नेऊन ठेवणे याला सफाई हे नाव शोभत नाही. विषाची खोड मोडली पाहिजे. विषाची बदली करून भागणार नाही.

कायदा काय म्हणतो?

आपला देश या बाबतीत अगदीच कायदेहीन आहे असे नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने विहिरीत विष सोडण्यास बंदी केली आहे आणि भूगर्भातील पाण्यालाही आपल्या व्याख्येत घेतले आहे. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा उपभोग हा घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. आणि 1996 मध्ये राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछरी गावाच्या खटल्यात 'दूषित करील तो भरील' हे तत्त्व त्याच न्यायालयाने ठामपणे उचलून धरले. बिछरीत एच-ॲसिड नावाच्या रसायनाच्या कारखान्यांनी उघड्यावर टाकलेला गाळ जमिनीत मुरला आणि विहिरींचे पाणी माणसांना, जनावरांना आणि पिकांनाही निरुपयोगी झाले.

निकाल उत्तम होता. पण वसुलीची कथा ऐका. नीरीने सफाईचा खर्च 37 कोटी 38 लाख 50 हजार रुपये काढला होता. कारखानदारांनी अर्जावर अर्ज करून ती रक्कम टाळली. अखेर जुलै 2011 मध्ये न्यायालयाने चक्रवाढ व्याजासह ती भरण्याचा हुकूम केला. दावा 1989 मधला. ज्या शेतकऱ्यांच्या विहिरी नासल्या त्यांची मुले या अवधीत मोठी होऊन संसाराला लागली. तत्त्व जिंकले आणि गाव वाट पाहत राहिले. यावरून इतकेच सिद्ध होते की मुदत नसलेला न्याय हा श्रीमंताच्या सोयीचा असतो. कारण वाट पाहण्याची शक्ती त्याच्याच अंगी असते.

परदेशातही ही लढाई गरीब व मध्यम स्थितीतील शेजाऱ्यांनाच लढावी लागली. अमेरिकेत नायगारा फॉल्स येथील लव्ह कॅनाल वस्तीत, जुन्या रासायनिक कचऱ्यावर घरे आणि शाळा बांधल्याचे 1978 मध्ये उघड झाले. तेथील आयांनी रान उठविले, आणि 1980 मध्ये सुपरफंड नावाने ओळखला जाणारा कायदा आला. त्याचे मर्म असे की, पूर्वीचा मालक, आजचा मालक, घाण पाठविणारा आणि वाहून नेणारा, या सर्वांना सफाईच्या खर्चासाठी जबाबदार धरता येते. कृत्य कायद्याच्या आधीचे होते ही सबब चालत नाही. ज्या जागेचा धनी सापडत नाही तिच्यासाठी तेल व रसायनांच्या धंद्यावरील करातून निधी उभा केला गेला. तो कर 1995 मध्ये संपुष्टात आला, आणि मग सफाईचा भार सामान्य करदात्यावर सरकला. 2021 मध्ये रसायनांवरील कर पुन्हा बसवावा लागला. चांगल्या कायद्यालाही पैशाचा झरा आटला की लकवा भरतो, हा यातील धडा आहे.

आपल्याकडे जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांचे स्वागत केले पाहिजे. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची माहिती द्यावी. 90 दिवसांत प्राथमिक तपासणी व्हावी. त्यापुढील तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण व्हावे. जागा दूषित ठरल्यास ते जाहीर करून तेथील वावर रोखावा. आणि जबाबदार व्यक्ती शोधून तिच्याकडून खर्च घ्यावा, अशी ही रचना आहे. नियम निघाले त्या वेळी देशात 103 जागा दूषित म्हणून ठरलेल्या होत्या आणि त्यांपैकी अवघ्या 7 ठिकाणी सफाईचे काम सुरू झाले होते. यावरून नियमांची गरज किती मोठी होती ते कळते.

परंतु या नियमांतील मोठा दोष नजरेआड करून चालणार नाही. तपासणीला मुदत आहे, सर्वेक्षणाला मुदत आहे, दोषी शोधण्यालाही मुदत आहे. प्रत्यक्ष सफाई पुरी करण्याला मात्र ठरावीक मुदत नाही. रोग्याची नाडी किती दिवसांत पाहावी हे वैद्याला सांगितले आणि औषध केव्हा द्यावे ते सांगितले नाही, असा हा प्रकार आहे. शिवाय खाणींतून होणारे दूषण आणि घनकचऱ्याच्या क्षेपणभूमी सामान्यतः या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. क्षेपणभूमीच्या कडेला कोण राहते, हे या पत्राच्या वाचकांना सांगावयास नको.

आमची मागणी

आमच्या मते पाच गोष्टी कायद्याने बांधून दिल्या पाहिजेत. पहिली, पाणी दूषित असल्याचा संशय येताच पर्यायी स्वच्छ पाणी तत्काळ मिळावे. दोषी कोण हे ठरेपर्यंत तहान थांबत नसते. दुसरी, प्रत्येक जागेच्या सफाईला टप्प्याटप्प्याची मुदत असावी आणि मुदत चुकविणाऱ्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागावा. तिसरी, पाण्याच्या तपासणीचे आकडे मराठीत, वस्तीच्या फलकावर आणि ग्रामसभेत जाहीर व्हावेत. दोन संस्था दोन निष्कर्ष काढतात तेव्हा तिसऱ्या स्वतंत्र तपासणीचा अधिकार रहिवाशांना असावा. चौथी, कारखाना विकला, नाव बदलले वा जमीन परत केली तरी सफाईची जबाबदारी सुटू नये. कारखाना सुरू करतानाच त्यापोटी अनामत रक्कम घेतली जावी. पाचवी, एका ठिकाणचे विष दुसरीकडे नेण्यापूर्वी दोन्ही ठिकाणच्या लोकांचे म्हणणे ऐकले जावे.

आणखी एक जुना काटा काढावा लागेल. 1882 च्या ईझमेंट कायद्यापासून जमिनीखालचे पाणी हे जमिनीच्या मालकाच्या हक्कातले मानले जात आले आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा त्या पाण्यावर हक्क कोणता? भूजल हे सर्वांचे आहे आणि शासन त्याचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत कायद्यात आले पाहिजे.

यावर कोणी म्हणतील की अशाने कारखाने येणार नाहीत आणि रोजगार बुडेल. हा आक्षेप गरिबांच्या कळवळ्याचा मुखवटा घालून येतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. आम्हांला कारखाने हवेत; गावगाड्याच्या बंधनातून सुटून आपल्या कितीतरी पिढ्यांनी गिरण्या-कारखान्यांतच स्वाभिमानाची भाकरी मिळविली. परंतु जो धंदा स्वतःची घाण काढण्याचा खर्च सोसू शकत नाही, त्याचा नफा खोटा आहे. तो शेजाऱ्याच्या रक्तातून उसना घेतलेला आहे. रोजी देतो म्हणून पाणी नासवितो, हा सौदा कोणत्याही स्वतंत्र नागरिकाने पत्करू नये.

तेव्हा बंधूंनो आणि भगिनींनो, हा विषय तज्ज्ञांचा म्हणून बाजूला सारू नका. तुमच्या वस्तीजवळ एखादा बंद पडलेला कारखाना असेल, विहिरीच्या पाण्याला रंग वा वास येत असेल, जनावरे ते पाणी पिण्यास नाकारीत असतील, तर ती गोष्ट तारखेसह लिहून ठेवा. दहा घरांच्या सह्यांनी जिल्हाधिकाऱ्यास आणि प्रदूषण नियंत्रण मंडळास अर्ज द्या, पोच घ्या, आणि सहा महिन्यांच्या यादीत आपल्या जागेचे नाव आले की नाही ते माहितीच्या अधिकाराखाली विचारा. ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत पाण्याच्या तपासणीचा ठराव मांडा. शाळेत शिकणारी मुले-मुली घरात असतील तर त्यांना तपासणीचे आकडे वाचावयास शिकवा. कारण यापुढची लढाई आकड्यांची आहे, आणि ज्याला आकडा वाचता येत नाही त्याला फसविणे सोपे असते.

भोपाळच्या लोकांनी चाळीस वर्षे धीर सोडला नाही. त्यांचा प्रश्न त्यांच्यापुरता नाही. आज त्यांच्या विहिरीचा धनी ठरला नाही, तर उद्या तुमच्या विहिरीचाही ठरणार नाही. पाणी आपले आहे हे सिद्ध करण्याची एक लढाई आपल्या पूर्वजांनी जिंकली. ते पाणी निर्मळ ठेवून घेण्याची दुसरी लढाई आपल्या पिढीच्या वाट्याला आली आहे, आणि ती अर्ज, सभा, ठराव आणि न्यायालय या सनदशीर मार्गांनी, न थकता लढली पाहिजे.